आल्यागेल्यांची वही

मैद्याची खळ रटरटायला लागली तशी मी तिच्यात मोरचुदाची चिमूट टाकली. पांढऱ्या खळीला हलकीशी निळी छटा आली. ते पातेलं त्या दिवसापासून स्वयंपाकातून बाद झालं, कारण मोरचूद विषारी. पण खळीत तो हवाच, नाहीतर कसर आणि झुरळं वर्षा-दोन वर्षांत पुस्तकाची पाठ खाऊन टाकतात. नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून समोर बेळ्ळंदूरचं तळं दिसत होतं. तळं म्हणायचं ते जुन्या सवयीनं. पाणी उतरवलेलं, गाळ उपसायची यंत्रं आणि त्यांनी पाडलेल्या काळ्या वाटा. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच तळ्यातून धुराचे लोट उठले होते आणि मिरजेहून वहिनींचा फोन आला होता, "अगं, तुमच्याकडे पाणी पेटलंय म्हणे, खरं का?" खरं होतं. फेस, सांडपाणी, काठाचं गवत आणि कचरा, सगळंच धुमसत होतं.

पाण्यानं या घराला दोनदा चटका दिला. दुसऱ्या वेळची गोष्ट सप्टेंबर २०२२ ची. त्या पावसात बाहेरचा रिंग रोड बुडाला, लोक ट्रॅक्टरमध्ये उभे राहून ऑफिसला गेले, ते सगळ्या देशानं पाहिलं. आमच्या तळघरातल्या अडगळीच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं, ते मात्र आम्हीच पाहिलं. त्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत माझ्या लग्नातली आहेराची वही.

लग्न मिरजेला झालं, मे १९९१ मध्ये. कार्यालयाच्या दाराशी एक टेबल, त्यावर चादर, हळदकुंकवाचं तबक, अत्तरदाणी, आणि टेबलामागे थोरले मामा. मामांचं अक्षर आमच्या घराण्यात नावाजलेलं. पत्रिकेवरचे पत्ते त्यांनीच लिहायचे, सत्यनारायणाची आमंत्रणंही त्यांनीच. वहीत त्यांनी पहिल्या पानावर 'श्री' घातलं, खाली दोन समास आखले आणि शाईच्या पेनानं नावं लिहायला घेतली. तासगावच्या मामी, साडी व खण. मास्तर, रु. ११. सांगलीचे दादा, स्टीलचा डबा, मोठा. भोशाचे पाटील, रु. ५१ व नारळ. दुपारी पंगती बसल्या तेव्हा मामा वाढायला उठले आणि वही शेजारी बसलेल्या माझ्या मावसभावाच्या हाती दिली. तो तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच्याजवळ बॉलपेन होतं. पुढची सगळी वही त्यानं लिहिली, घाईच्या, डावीकडे कललेल्या अक्षरात.

ट्रंक उघडली तेव्हा बॉलपेनची पानं लाटांसारखी वाकली होती, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं. त्या शाईत तेल असतं, पाणी तिला सहजी विरघळवू शकत नाही. मामांची पहिली चार पानं म्हणजे नुसते निळे ढग. समासाच्या रेघा पेन्सिलीच्या होत्या म्हणून तेवढ्या राहिल्या. मामा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी ती चार पानं पंख्याखाली वाळवली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली. टाकवली नाहीत.

आहेराची वही खरं म्हणजे हिशेबाची. कुणी किती घातलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्याकडचं कार्य निघालं की तेवढं, नाहीतर थोडं वर घालून परत करता येतं. माझ्या विहीणबाई धारवाडच्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे याला मुय्यी म्हणतात आणि त्याचीही अशीच वही असते. मुय्यी म्हणजे परतफेड. कृष्णेकाठी आणि मलप्रभेपलीकडे हिशेब एकच. पण तीस वर्षांनी त्या आकड्यांना काय अर्थ उरतो? अकरा रुपये घालणारे मास्तर गेले, त्यांच्या मुलांच्या लग्नांत आमचा आहेर जाऊन आला, सगळी खाती मिटली. मिटली नाही ती एकच गोष्ट. माणसं ज्या क्रमानं दारातून आत आली, त्याच क्रमानं वहीत बसली होती. मामींच्या मागून मास्तर, मास्तरांच्या मागून दादा. फोटोंच्या अल्बममध्ये हे नसतं. तिथं सगळे एकदम स्टेजवर असतात. वहीत माणूस येताना दिसतो.

लेकीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ घालायची हे तिनं आधीच सांगून टाकलं. मला ते पटलं. मग दाराशी टेबल कशाला, असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, टेबल राहील, वही राहील, फक्त आहेराचा रकाना नसेल. येणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. ऑनलाइन तयार मिळतात अशा वह्या. सोनेरी अक्षरांत दोघांची नावं छापलेल्या, आत गुळगुळीत पानं. लेकीनं दोन-तीन दाखवल्या. पण बॉलपेन वाचवणारं पाणी आणि शाई पुसणारं पाणी, दोन्ही मी एकाच दिवशी पाहिलं होतं. ही वही कशाची करायची, ते मला स्वतः बघायचं होतं.

आणखी एक आठवण मनात होती. आजोबा गेल्यावर वडील अस्थी घेऊन नाशिकला गेले, मी बरोबर होते. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि आत जाऊन लांबट, जाड वह्यांचा गठ्ठा आणला. नामावळीच्या वह्या. घराण्यातला जो जो तिथं येऊन गेला त्यानं आपला लेख त्यात लिहून ठेवायचा, आपलं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं, आणि खाली सही. गुरुजींनी पान उलटलं आणि माझ्या आजोबांचं अक्षर समोर आलं. तरुणपणचं. आम्ही पाहिलेली त्यांची सही थरथरती होती, ही ठाम होती. वडिलांनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मग त्याच पानाखाली स्वतःचा लेख लिहिला, शेवटी माझंही नाव घातलं. शिलालेख नव्हे, पोथी नव्हे, एका कुटुंबाच्या सह्यांची वही, आणि ती पिढ्यान् पिढ्या कुणीतरी सांभाळतंय. मला लेकीला असं काही द्यायचं होतं.

कागद सुती घ्यायचा हे पक्कं होतं. वर्तमानपत्राचा कागद उन्हात चार दिवस ठेवला तर पिवळा पडतो, कारण लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं. सुती चिंध्यांच्या कागदात ती भानगड नाही. पेशवाईतले कागद आजही वाचता येतात ते हातकागद म्हणूनच. जुन्नरला, दौलताबादेजवळच्या कागझीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची घराणी होती, पुण्यात कसब्याजवळच्या वस्तीला कागदीपुरा हे नावच पडलं. मी पुण्याहून येणाऱ्या भाच्याला सांगून शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून साठ ताव मागवले. मोसंबीच्या गराच्या रंगाचे, कडा खरबरीत. तावावरून हात फिरवला की कापडाची आठवण होते, आणि ते कापडच असतं.

बांधणी शिकायला अॅव्हेन्यू रोडला गेले. बेळ्ळंदूरहून तिथं जायचं म्हणजे अर्धा दिवस, सिल्क बोर्डाच्या चौकातच पाऊण तास. वह्या-पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका बोळात एक म्हातारे बाइंडर बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. वकिलांची जाडजूड पुस्तकं, हॉटेलांची खातेपुस्तकं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मला वही बांधून नको, बांधायला शिकवा, म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. नीलाथोथा, नीलाथोथा, असं ते खळीबद्दल सांगत राहिले आणि मला उमगेना. शेवटी त्यांनी डबीतून निळे खडे काढून दाखवले. अहो, हा तर मोरचूद! आमच्या द्राक्षबागांवर फवारतात तो.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. वहीत फोटो चिकटवणार असाल तर फोटोंची जागा आधी पाठीत ठेवायची. नाहीतर पानं फुगतात, वही पंख्यासारखी उघडी राहते आणि शिवण उसवते. म्हणून दोन-दोन तावांच्या घडीआड दोन बोटं रुंदीची पट्टी घालून शिवायची. कोरी वही मिटली की पाठ जाड आणि तोंड बारीक दिसतं, जणू काही राहून गेलंय. चाचा म्हणाले, बरोबर आहे, लोक आल्यावर भरेल.

मग घरी रोज दुपारी तेच काम. दाभणानं घडीच्या कण्यात पाच भोकं, मेण लावलेला दोरा, एका घडीतून दुसरीत जाताना खालच्या टाक्यात अडकवून घ्यायचं. पहिल्या वेळी दोरा सैल पडला, सगळं उसवून पुन्हा शिवलं. पुठ्ठ्यावर घालायला माझ्या आईची इरकल काढली. ती नेसून नेसून विरली होती, पण पदर धड होता. आम्ही मिरजेकडच्या बायका इरकलला आपलंच लुगडं समजतो. ती विणली जाते इळकलला, कर्नाटकात. अंगाचा ताणा सुती आणि लाल पदराचा ताणा रेशमी असे दोन वेगळे ताणे असतात. दोन्हींचे फासे एकात एक गुंतवून पदर अंगाला जोडतात. विणकर त्याला टोप-तेणी म्हणतात. तो जोड मी आयुष्यभर अंगावर वागवला आणि वहीसाठी कापड कापायला बसले तेव्हा पहिल्यांदा भिंगाखाली धरून पाहिला. एकेक फासा दुसऱ्यात अडकलेला, गाठ कुठेच नाही. मी कापड अशा बेतानं कापलं की तो जोड वहीच्या पाठीवर येईल. मागून पातळ कागद चिकटवून कापड आधी वाळवलं, म्हणजे खळ वर झिरपत नाही. चौथ्या दिवशी वही दाबाखालून काढली. दाबाला आम्ही पाट आणि त्यावर वरवंटा ठेवला होता.

लिहायला पेनं आणली ती चित्रकारांची, रंगद्रव्याच्या काळ्या शाईची. विकत घेण्याआधी दुकानातच कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढून बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. दुकानदार गप्प उभा राहिला. रेघ हलली नाही.

खरा पेच वेगळाच होता. एक-दोन लग्नांत मी अशा वह्या चाळल्या होत्या. पानोपानी 'नांदा सौख्यभरे' आणि 'हार्दिक शुभेच्छा'. लिहिणाऱ्यांचा दोष नाही. मागे रांग लागलेली, हातात पेन दिलेलं, 'काहीतरी लिहा ना' म्हटलं की चांगल्या चांगल्या माणसाला छापील वाक्यच सुचतं. आशीर्वाद खरे असतात, पण पंधरा वर्षांनी वाचताना त्यांतून माणूस ओळखू येत नाही. काही विचारलं तर लोक लिहितील, असं मला वाटत होतं. काय विचारायचं यावर आठवडाभर विचार केला. लग्नाला किती वर्षं झाली? नको, ज्यांचं लग्न नाही, मोडलं आहे, जोडीदार गेला आहे, त्यांनी काय लिहावं? सुखाचं रहस्य वगैरे तर नकोच. एके दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा हे गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. बत्तीस वर्षं हेच आधी उठतात, मला ते कुणाला सांगावंसं कधी वाटलंच नव्हतं. सापडलं. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मराठीत लिहिलं, विहीणबाईंनी कन्नडमध्ये, लेकीनं इंग्रजीत, आणि तो पुठ्ठा टेबलावर उभा केला. 'तुमच्या घरी सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं? उठून काय करतं?'

तुळशीचं लग्न लागलं आणि पुढच्या आठवड्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, सर्जापूर रस्त्याच्या आतल्या एका कल्याण मंटपात आमच्या लेकीचं. मिरजेची मंडळी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं आदल्या सकाळीच आली होती. वन्संनी दोघांची नावं गुंफून मंगलाष्टकं रचली होती, शार्दूलविक्रीडितात, एकोणीस अक्षरांचं गणित बोटांवर मोजून. ती गुलाबी कागदावर छापून वाटली, एक प्रत वहीच्या पहिल्या पानावर चिकटली. टेबलाशी भाचा छोटा कॅमेरा घेऊन बसला. खटका दाबला की पत्त्याएवढा फोटो बाहेर येतो तो. फिल्म महाग, म्हणून घरटी एकच फोटो.

लोकांनी प्रश्न वाचला, हसले, एकमेकांकडे बघितलं आणि लिहायला बसले. रांग लागली आणि कुणी कुरकुर केली नाही. मिरजेच्या काकूंनी लिहिलं, 'पहाटे चारला हे उठतात, दूधवाला येईपर्यंत अंगणात फेऱ्या घालतात. आता पाच वर्षं दूध पिशवीतून येतं, पण फेऱ्या आहेत.' व्याह्यांनी कन्नडमध्ये लिहिलं की मीच आधी उठतो. त्याच पानावर खाली विहीणबाईंनी लिहिलं की मीच. लेकीच्या ऑफिसमधल्या, चौघी मिळून भाड्यानं राहणाऱ्या मुलींनी लिहिलं की आमच्याकडे कुणीच उठत नाही, समोरच्या इमारतीच्या बांधकामाचा आवाज उठवतो. एका लहानग्यानं मांजर काढलं आणि फक्त 'ही' असं लिहिलं.

आत्या बराच वेळ पेन धरून बसल्या होत्या. मी जवळ गेले नाही. नंतर वाचलं. 'हे आधी उठून पंपाचं बटण दाबायचे. ते गेले त्यानंतर तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली, तेव्हा मला कळलं की पंप रोज लावावा लागतो. आता मी दाबते.' चाळीस वर्षांच्या संसाराबद्दल आत्या माझ्याशी इतकं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तंजावरकडचे एक आजोबा राहतात. घरात मराठी बोलतात, जुन्या वळणाची, पण शिक्षण सगळं तमिळमध्ये झालेलं. शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली १६३८ मध्ये, पुढे व्यंकोजीराजे इथून तंजावरला गेले आणि त्यांच्यामागे मराठी तिकडे रुजली, हे मी त्यांच्याचकडून पहिल्यांदा नीट ऐकलं. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याची अख्खी कथा मराठीत कोरवून घेतली आहे. आजोबांनी ती लहानपणी बोटं फिरवत पाहिली, वाचता आली नाही. त्यांनी वहीत आपलं उत्तर लिहिलं, भाषा मराठी आणि लिपी तमिळ. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, प आणि ब यांनाही एकच. त्यामुळे कुणी तमिळ जाणणारा ते वाचू लागला की मराठी शब्द कुठल्या कुठे जायचे. मग आजोबांनी स्वतःच वाचून दाखवलं आणि मी त्या ओळींखाली देवनागरीत उतरवून घेतलं. त्यांच्या घरी पहाटे त्यांची आई उठायची, जात्यावर ओव्या म्हणायची. त्या ओव्या कुठल्या भाषेतल्या, हे शाळेत जाईपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. घरातली भाषा, एवढंच.

आणि आमच्या स्वयंपाकाच्या बाई. रायचूरकडच्या. लिहिता येत नाही म्हणून त्या टेबलाकडे यायलाच तयार नव्हत्या. लेकीनं हात धरून आणलं. प्रश्न कन्नडमध्ये ऐकला, पेन उलटसुलट करून बघितलं आणि ठिपके मांडायला सुरुवात केली. सात, मग पाच, मग तीन, मग एक. रेघ ठिपक्यांना वळसे घालत, कुठेही न उचलता फिरून जिथून निघाली तिथंच आली. आपल्या दारात रोज पहाटे घालतात तीच रांगोळी. त्यांच्या घरी त्या पहिल्या उठतात, आणि आमच्या घरी आम्ही सगळे त्यांच्या बेलनं उठतो. मागच्या माणसांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. भाच्यानं फोटोसाठी मान हलवली, तर त्या म्हणाल्या, नको, हे आहे ना.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिरजेची मंडळी रात्रीच्या गाडीची वाट बघत आमच्या हॉलमध्ये पसरली होती. लेक सासरी गेलेली, वही तिच्याबरोबर गेलेली, आता तोंडही पाठीइतकंच जाड झालेली. तेव्हा मी टॉवेलातली जुनी वही काढली. मावसभाऊ आता शेहेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल पडलंय. त्यानं स्वतःची बॉलपेनची पानं पाहिली, मग आधीची चार निळी. म्हणाला, "ताई, मी मामांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो गं. प्रत्येक नाव ते मोठ्यानं म्हणायचे आणि मग लिहायचे."

पहिलं नाव कुणाचं? काकू म्हणाल्या, तासगावच्या मामींचं, त्या सकाळी सातलाच आल्या होत्या. आत्या म्हणाल्या, छे, मास्तर आधी, त्यांना शाळेत जायचं होतं. मे महिन्यात कसली शाळा, असं कुणीतरी म्हटलं. पेपर तपासायला, आत्या म्हणाल्या. मावसभावानं डोळे मिटून घेतले आणि मामांच्या सुरात म्हटलं, "तासगाव. साडी व खण." मग सगळे थोडा वेळ गप्प झाले.

मी पेन्सिल आणली. त्यानं निळ्या ढगांवर, मामांच्या समासाच्या आत, हलक्या हातानं एकेक नाव लिहायला घेतलं. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली तेव्हा चाळीसपैकी तेवीस झाली होती. चौदाव्या ओळीवर त्यानं फक्त 'हिरवा फेटा' असं लिहून ठेवलंय, नाव कुणालाच आठवेना. गाडीत आठवलं तर फोन करतो, म्हणाला.